अकरा किलोमीटर

दोनला दहा मिनिटं असताना वनमालाबाई फोन घेऊन छतावर आल्या. मधुसूदनराव आधीच तिथे होते. सकाळीच पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालत होते.

वनमालाबाईंनी अंतराचा निरोप मोठ्या आवाजात लावला.

"आई, विमानात बसलो आम्ही. अल्माटी ते कोलंबो, साडेपाच तास. और रास्ते में अपना ग्वालियर! नकाशात बघितलं मी. दोन-दहाला वर बघ हं. विहंगला खिडकीत बसवलंय."

अंतरा डॉक्टर व्हायला अल्माटीला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून राहिली. त्याला सहा वर्षं झाली. मधुसूदनरावांनी तेव्हापासून लेकीचा फोन घेतला नव्हता. चार वर्षांच्या नातवाला, विहंगला, त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"किती उंचावरून जातं?" त्यांनी कुंडीकडे बघतच विचारलं.

"अकरा किलोमीटर, असं दाखवतंय."

"अकरा." ते थांबले. "म्हणजे महाराजपुऱ्याच्या विमानतळाइतकंच की."

तिथे ते स्कूटरवर अर्ध्या तासात पोचत.

धुकं विरलं होतं. दर्पण कॉलनीवर पातळ ऊन पसरलं होतं, आणि उत्तरेकडे निळ्यात एक पांढरी रेघ उमटली. आवाज नव्हता. रेघ हळूहळू वाढत त्यांच्याकडे येत होती.

मधुसूदनरावांनी झारी खाली ठेवली. दोरीवरची पांढरी चादर ओढून काढली.

"अहो, ओली आहे ती!"

"असू दे. ते टोक धर."

दोघांनी चादर ताणून धरली. वारा खालून शिरला, चादर फुगली आणि दोघं नकळत चवड्यांवर उचलली गेली. वर बघता बघता वनमालाबाईंना वाटलं, विमान जागीच उभं आहे. आपलं छतच दोरीवरच्या कपड्यांसकट, कुंड्यांसकट त्याच्याखालून तरंगत चाललंय.

"एवढ्या वरून त्याला काय दिसणार?" त्या हळूच म्हणाल्या.

"काहीतरी पांढरं दिसेल."

विमान डोक्यावर आलं. उन्हात एकदा लखलखलं. मधुसूदनरावांचे ओठ हलले, पण काय म्हणाले ते वनमालाबाईंना ऐकू आलं नाही. मग विमान दक्षिणेकडे सरकत गेलं. सगळं मिळून चार मिनिटं. मागे राहिलेली रेघ रुंद होत गेली, मऊ झाली, आकाशात मिसळली.

वनमालाबाईंचे हात दुखायला लागले होते. मधुसूदनराव अजून चादर धरून उभे होते.

"परत कधी जाणार ती?"

"पुढच्या रविवारी."

त्यांनी चादर पुन्हा दोरीवर टाकली, कोपरे ओढून सरळ केले.

"दिल्लीवरून तिकीट मिळतं का, विचार तिला," ते म्हणाले. "दिल्लीहून शताब्दीनं साडेतीन तास लागतात. एवढ्याशा पोराला काही फार नाही होत."