मधात कोण?

"बाण नेमावर नाही लागला, तं मधात जो उभा असन त्याले लागन. आपल्या घरचा रूल आहे हा," पियूषने पुन्हा बजावलं.

रविवारची दुपार. हॉलमध्ये सतरंजीवर आमचा राक्षस-योद्ध्यांचा फाशांचा खेळ मांडलेला. मी तिरंदाज, माझा नवरा पियूष तलवारवाला, आणि खेळ चालवणारा त्याचा मित्र जितेंद्र. राक्षसावर सोडलेला माझा बाण चुकून पियूषच्या योद्ध्यालाच लागला होता आणि त्याचे पॉइंट कापले गेले होते.

"खेळाच्या पुस्तकात असं काही नाही!" मी भडकले. "आणि तू मधात काहून घुसला?"

"अवं, तुले वाचवाले! राक्षस तुह्या अंगावर येऊन राहिला होता ना. मी मधात असलो म्हणजे तुले कोणी हात लावून दाखवावं!"

तेवढ्यात सासरे झोपेतून उठून बाहेर आले. खेळ पाहिला आणि थेट माझ्यावरच कडाडले, "सूनबाई, घरात जुगार मांडून बसली? लाज नाही वाटत? हेच शिकवलं काय तुले बापानं?"

फासे पियूषच्या मुठीत होते. त्याने मूठ हळूच मांडीखाली सारली आणि मान खाली घातली.

सासरे बडबडत आत गेले. मग जितेंद्र चाचरत म्हणाला, "वहिनी... खेळाचं ना पुढं?"

"खेळू ना. पण आधी माझे पॉइंट कापा, भाऊजी," मी पियूषकडे बघत म्हटलं. "बाण सरळ मलेच लागला. मधात कोणीच नव्हतं."