वाकळ आटली

सुनेला दिवाळीला घेतलेली दोन्ही लुगडी तिच्या अंगावर कधी दिसेनात; बहात्तरच्या दुष्काळात ती तिनं मंगळवेढ्याला माहेरी पोचवली, असं गंगम्मांनी साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. आज, सुनेनं सासऱ्याच्या धोतरांची म्हणून शिवलेली वाकळ पहिल्यांदा धुतली, आणि वाळली तशी तिच्यावर सुरकुत्याच सुरकुत्या! गंगम्मा हबकल्या. जुनं कापड कधी आटत नाही. मग आत कोरं कुणी घातलं? त्यांनी चार टाके उसवले. आत हिरवा काठ.

"दाक्षायणी, वाकळंत नवी लुगडी?"

"मामांची धोतरं वरच्या थरालाच संपली, अत्या. बाकी घरातलं जुनं तेवढं तुमच्याच अंगावर हाय की."

गंगम्मांनी ठिगळाचा पदर मुठीत लपवला.

"उसव ती! एक तू नेसायचं, एक मी. मग माझं हे घाल आत, येडे!"