फ्लॉरीची माणसं

लंडनची हिलरी आपल्या कारकून खापरपणजोबांची डायरी वाचत होती. कुत्रा आजारी पडला तेव्हा त्यांनी पानंच्या पानं भरली होती. पोटची पोर फ्लॉरी फार भांडते म्हणून तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, त्या दिवशी मात्र एकच ओळ होती: "आज घर शांत आहे."

हिलरीचं डोकं भडकलं. तिने म्हाताऱ्या क्लाइव्हकाकांपुढे डायरी आपटली. "सख्खा बाप, आणि पुन्हा तिचं नावसुद्धा नाही!"

"अगं, तेव्हाची माणसंच तशी. कशाला उकरतेस?"

"तेव्हाची? इस्पितळाच्या नोंदी पाहिल्यात मी. ती तिथेच म्हातारी होऊन एकोणीसशे साठ साली मेली, काका! तुम्ही चांगले तरणेताठे होतात!"

 

"माहितीये," काका म्हणाले. "प्रेत घेऊन जा म्हणून इस्पितळातून फोन आला होता. आमची कुणी नाही, असं मीच सांगितलं."