चिंचेनं घासलेला हंडा

"बघ गं केतकी, कसा सोन्यासारखा झालाय!" कालच गावाहून आलेल्या माईंनी कामावरून परतलेल्या सुनेला पाण्याचा तांब्याचा हंडा दाखवला. "आतून नुसता काळाकुट्ट झाला होता मेला. चिंच लावून खसाखसा घासला."

केतकीनं वाकून हंड्यात पाहिलं. धरणाच्या पाण्यात शिसं उतरल्यापासून शहरातल्या प्रत्येक हंड्याला आतून तो काळा लेप असायचा. त्यातले रेणूंचे पिंजरे पाण्यातलं शिसं पकडून ठेवायचे. आंबट लागलं की पिंजऱ्यांचे बंध सुटायचे. धुतल्यावर ते पुन्हा जुळायचे खरे, पण नवा पिंजरा इतका लहान व्हायचा की त्यात शिसं मावायचं नाही. वर्षभर कोंडलेलं शिसं आता मोकळं झालं होतं.

"माई, भरण्याआधी नीट विसळलात ना?"

"एकदाच विसळला. पाणी जपून वापरा, तूच म्हणालीस ना काल?"

चार वर्षांची ओवी रिकामा पेला घेऊन आली. आंबटात विरघळलेल्या शिशाची चव गोडसर असते, असं केतकी कॉलेजात शिकली होती. ती लेकीच्या ओल्या ओठांकडे बघत राहिली.

"आई, आज पाणी किती गोड लागतंय! अजून एक पेला देशील?"