बस्त्यावचा नवा अंगठा

बस्त्यावच्या डाव्या हाताला चार बोटं होती आणि एकेचाळीस दिवसांचा अंगठा. प्रवाळात राहणाऱ्या भंगुरतारा या समुद्रजीवाचा तुटलेला बाहू पुन्हा फुटतो, तसाच डॉक्टर केतकीने तो त्या ताऱ्याच्या पेशींतून फुटवला होता. आज हलला नाही, तर कापून टाकायचा असं ठरलं होतं. झगझगीत दिव्याखाली तो निपचित पडला होता.

“डॉक्टरीणबाई, तुमच्यासमोर लाजतो तो!” बस्त्यावची बायको आनामारी म्हणाली. “काल खडकाच्या कपारीत हात घालून खेकडा काढला यानं. तेव्हा आत अंगठा कसा वळवळत होता!”

“कपारीत?” केतकी ताडकन उठली. “अहो, भंगुरतारा दिवसभर कपारीतच दडतो! याला उजेड सोसत नाहीये!”

तिने अंगठ्याला कोनमापक बांधला, हातावर जाड काळं फडकं टाकलं आणि दिवा घालवला.

“हलतोय गो!” बस्त्याव ओरडला.

कोनमापकावर आकडा उमटला : एकतीस अंश.