लढाई कोणी सुरू केली

"उभा करा त्याले नसाबापुढं," धुरपताबाई म्हणाली. "ज्यानं हे लढाई सुरू केली, त्याले."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. दारव्ह्याच्या वाटेवरल्या त्या बंजारा तांड्यात ती लिंबाखाली बसायची. आजवर तिच्यापुढे आलं काय, तर कोणाची बकरी कोणाच्या तुरीत शिरली आणि कोणी कोणाच्या पोरीला पळवलं. देशांच्या लढाया कोणी आणल्या नव्हत्या. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

तांड्याचा प्रमुख, नायक हरिसिंग, याने नुसती मान वर केली, आणि हसणाऱ्याची दातखीळ बसली.

"हसाले काय झालं रे? तिचा देवसिंग गेला. बकरी नाही गेली."

तिचा फौजेतला पोरगा देवसिंग दिवाळीच्या सुमारास सरहद्दीवर, बर्फात मेला होता. तार आली, मग सरकारी कागद आला. पोराची माती काही आली नाही. आता पौष लागला तरी धुरपताबाईच्या डोळ्यांना पाणी नव्हतं. तिचं एकच चाललं होतं, हे केलं कोणी? मास्तर म्हणे, चीनने केलं. आता चीन म्हणजे काय माणूस आहे? त्याला माय आहे?

"मले नाव द्या," ती म्हणाली. "कोणाच्या नावानं बोटं मोडू मी? वाऱ्याच्या?"

रामलाल कारभारी नायकाचा उजवा हात. त्याने समजुतीच्या सुरात म्हटलं, "बाई, गोळी कोण्या शिपायानं घातली असंन. त्याचं नाव कोठून आणाचं?"

"शिपायाचं मागतच नाही मी. त्याची माय बी कोठं बसली असंन अशीच. त्याले ज्यानं धाडलं, त्याचं म्हणून राह्यली."

"अवो, राज्य चालवणाऱ्यावर कधी खटला होते काय?"

"होते ना," मागून आवाज आला. तांड्यातलं ऑइल इंजिन दुरुस्त करायला आलेला जलाल मिस्त्री चिंधीला हात पुसत उभा होता. "मागच्या मोठ्या लढाईनंतर जर्मनीच्या सरदारांवर झालता. लढाई काहून सुरू केली, हाच गुन्हा. कितीक तं फासावर गेले. पेपरात आलतं, खुदाकसम."

"आपल्याले जर्मनीची साक्ष कायले पाहिजे?" हरिसिंग म्हणाला. "आपण हे सहा वर्षांमागंच केलं."

ती गोष्ट कोणी विसरलं नव्हतं. पलीकडच्या तांड्याशी कुरणावरून तंटा होता. बाजाराच्या दिवशी, माणसं दारव्ह्याला गेलेली असताना, हरिसिंगाची कडब्याची गंजी पेटली. ही करणी तिकडच्या नायकाची, लालसिंगाची, असं हरिसिंगाने सांगितलं आणि कुऱ्हाडी निघाल्या. पाच माणसं पडली. त्यांत हरिसिंगाचा एकुलता एक पोरगा गुलाबसिंग होता.

मग सात तांड्यांचा नसाब बसला. लालसिंग शेवटपर्यंत नाही-नाही म्हणत राहिला, पण असं कोण म्हणत नाही? त्याचं पागोटं उतरवलं, रोटी-पाणी तोडलं. वर्षाच्या आत झुरून मेला तो. कुरण या तांड्याला मिळालं. गुलाबसिंगाच्या चितेपुढे हरिसिंग असा रडला होता की बघणाऱ्यांचं काळीज तुटलं. त्याच्या बायकोची, हंसाबाईची, तर तेव्हापासून वाचाच बसली. आईच ती, काय करील!

"लालसिंगानं कुऱ्हाड हाती धरली नोहती," हरिसिंग म्हणाला. "पण सुरुवात त्याची. म्हणून पाची मुडदे त्याच्या माथी मारले आपण. देश असो का तांडा असो, कायदा एकच."

धुरपताबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मास्तर, तलाठी, सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. ज्याने स्वतःच्या पोराला अग्नी दिला तोच हे समजू शकतो, तिला वाटलं. उठून या माणसाचे पाय धरावेत.

"आन् नायक," उकंडा म्हाताऱ्याने विचारलं, "आपल्याच मोठ्या माणसानं सुरू केली असंन तं?"

"तं त्याले बी सोडाचं नाही. आपला म्हणून सोडाचा, तं नसाब कायले बसवता? जेवणावळीले?"

माना डोलल्या. हरिसिंग उभा राहिला. त्याचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता.

"जो कोणी असंन, कितीबी मोठा असंन. ज्यानं सुरू केली, त्याच्याच हातानं सारे मेले. त्याचं पागोटं खाली. त्याच्या हातचं पाणी कोणी पेणार नाही. तो मेला तं त्याच्या तिरडीले कोणी खांदा देणार नाही."

निकाल पक्का करण्याआधी तीनदा साक्षीला हाक द्यायची, ही तांड्याची रीत. गुन्हेगार हजार कोसांवर असला म्हणून रीत मोडता येत नाही. रामलालने हाक दिली.

"कोणाले साक्ष द्याची हाय?"

कोणी हललं नाही.

"कोणाले साक्ष द्याची हाय?"

जलाल खोकला. हरिसिंग किंचित हसलासुद्धा. चीनच्या धन्याविरुद्ध या तांड्यात कोण साक्ष देणार!

"कोणाले साक्ष द्याची हाय?"

बायकांच्या घोळक्यात बांगड्या वाजल्या. हंसाबाई उठून उभी राहिली होती.

"बस ना," हरिसिंग हळूच म्हणाला. "हे चीनचं चालू हाय."

ती बसली नाही. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. ती धुरपताबाईकडे बघत होती.

"तुया पोराले मारणाऱ्याचं नाव मले मालूम नाही, धुरपता. माया पोराले मारणाऱ्याचं मालूम हाय. बाजाराच्या दिवशी मी घरीच होती."

तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"गंजीले काडी हरिसिंगानं लावली."