चौथ्या मजल्यावरची टोपली

दोन महिन्यांनी चौथ्या मजल्यावरून दोराला बांधलेली टोपली खाली आली, तेव्हा खलफ भाजीवाल्याने हातातलं गिऱ्हाईक सोडून ती झेलली. गुडघे गेल्यापासून हज करून आलेल्या हज्जा इन्साफची भाजी याच टोपलीतून वर जायची. पण कुवेतला गेलेला मुलगा तिथूनच फोनवरून सगळं घरपोच मागवायला लागला, आणि टोपली गल्लीत उतरेनाशी झाली.

आज टोपलीत टोमॅटो होते.

"बघ रे, त्या फोनवाल्यांनी काय पाठवलंय," हज्जा गॅलरीतून ओरडली. "सगळे दबलेले."

"आता झाली होय आमची आठवण? घ्यायचं दुसऱ्याकडून आणि निवडायला माझ्याकडे?"

"आधी बघ तरी. त्या फोनला तुझ्यासारखी जीभ नाही, एवढंच त्याचं बरं आहे."

खलफने एक टोमॅटो उचलला, मग दुसरा. लालबुंद, टणक. खरं सांगायचं तर त्याच्या गाडीवरही असा माल नव्हता. फक्त प्रत्येकावर एकेक ताजा खळगा होता, अंगठ्याएवढा.

गुडघे धड होते तेव्हा हज्जा रोज स्वतः गाडीवर यायची, आणि "माझ्या टोमॅटोवरून तो अंगठा काढा" म्हणून खलफ तीस वर्षं तिच्याशी भांडला होता.

त्याने मान वर केली.

"एकही धड नाही, हज्जा," तो सगळ्या शुब्रा वस्तीला ऐकू जाईल असा ओरडला. "उद्या येतील तेही खाली पाठवा. मला दाखवल्याशिवाय खाऊ नका."